अस्तराचा तुकडा

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता आईनं हात लांब करून माझ्या डोळ्यांवरचा चष्मा उचलला, पनीरच्या बशीशेजारी ठेवला आणि अंगठा माझ्या नाकाच्या मुळाशी, दोन भुवयांच्या जरा खाली टेकवला. विचारणं वगैरे काही नाही. माझ्या चेहऱ्याला हात लावताना तिनं कधीच विचारलं नव्हतं, आणि मी चाळिशी केव्हाच ओलांडली होती. अंगठा गार होता. ती ओले अक्रोड सोलत होती, नेहमीसारखे रबरी मोजे घालून, कारण अक्रोडाच्या सालीनं बोटं काळी पडतात आणि पेशंट आधी डॉक्टरच्या बोटांकडे बघतात असं तिचं म्हणणं. माझ्या नाकासाठी तिनं उजव्या हाताचा मोजा काढला होता. कातडीखालची ती गाठ तिच्या अंगठ्याखाली जराशी सरकली आणि परत जागेवर आली. वाटाण्याएवढी असेल. दुखत नव्हती. फक्त दाबली की डोळ्यांच्या मागे कुठेतरी एक बोथट जाणीव व्हायची.

"वाढलीय," आई म्हणाली.

"नाही. आहे तेवढीच आहे."

"माझ्या अंगठ्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

"आई, नाक माझं आहे."

"नाक माझं आहे," ती म्हणाली. "तुझा नुसता चेहरा."

मी हसले. तीही हसली असावी, पण ती हसली की फक्त तिचे डोळे बारीक व्हायचे आणि चष्म्याशिवाय मला ते दिसत नव्हतं. मग ती नेहमीचं म्हणाली, की हे सगळं या चष्म्यामुळे, इतकी जाड फ्रेम नाकावर दिवसभर ठेवून दुसऱ्यांची पुस्तकं दुरुस्त करत बसलं की कातडी वैतागणारच. मी एका प्रकाशकाकडे भाषांतरं तपासते. आईच्या लेखी हे काम म्हणजे लोकांच्या घरचे कपडे रफू करणं. मी नेहमीसारखी "हो" म्हणाले. अंगठा मात्र नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच राहिला. मग ती मोजा पुन्हा चढवत, अक्रोडांकडे बघत म्हणाली, "शनिवारी सकाळी क्लिनिकवर ये. काही खाऊन येऊ नकोस."

एवढंच झालं. त्या दिवसाचं बाकीचं मला एखाद्या चांगल्या, साध्या परिच्छेदासारखं आठवतं. ती क्लिनिकवर गेली. पंचाहत्तरीतही गुरुवारी ती पेशंट बघायची. शस्त्रक्रिया बहुतेक डॉक्टर रस्तगार करत, ती शेजारी उभी राहून त्यांना हैराण करत असे. दुपारी ती बिहीची फळं घेऊन आली आणि घरभर बिहीचा वास झाला. अशरफमावशीशी फोनवर भांडली, की मावशीची नवी सून चांगली आहे पण हनुवटी कमी आहे. मी आतल्या खोलीतून ओरडले, की आई, माणसांना नावं असतात. ती म्हणाली, असतात ना, पण हनुवटी असली की नाव लक्षात राहतं. शुक्रवारी सकाळी ती उठली, तिनं चहाच्या पाण्याचा समोवार लावला, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली आणि पुन्हा उठली नाही. समोवार उकळत राहिल्याच्या आवाजानं मी जागी झाले. शनिवारी सकाळी मी काही खाल्लेलं नव्हतं. तिला पुरायला आम्ही शहराबाहेर गेलो होतो.

तिथे मृतांच्या स्नानगृहाच्या काचेमागे घरच्या बायकांना उभं राहता येतं. अशरफमावशी म्हणाली, बघू नकोस, फरानक, नंतर तेच डोळ्यांसमोर राहतं. मी बघितलं. मला डोळ्यांसमोर काहीतरी राहायला हवंच होतं. अंघोळ घालणाऱ्या बायका झपाझप, सरावानं काम करत होत्या, पाणी खळाळत होतं आणि त्यांतल्या एकीनं कापसाचा बोळा करून आईच्या नाकपुडीत सरकवला, मग दुसरा. माझ्या घशात एकदम त्या कापसाची चव आली. अठराव्या वर्षी ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर आली होती ती, रक्ताची आणि औषधाची कोरडी चव. तोंडानं श्वास घेत मी डोळे उघडले होते आणि वर आईचा चेहरा होता, मास्क गळ्यात लोंबत होता, आणि ती माझ्याकडे न बघता माझ्या नाकावरच्या पांढऱ्या कवचाकडे बघत होती. "सुरेख," ती म्हणाली होती. कुणाला म्हणाली ते मला त्या वेळी कळलं नव्हतं. काचेपलीकडे तिचं स्वतःचं नाक कापसानं जरा फुगलं होतं. तिनं ते कुणाला कधी हात लावू दिलं नव्हतं. ते जन्मतःच सरळ होतं, आणि ही गोष्ट तिला थोडी अन्यायकारक वाटायची, कारण तिच्या पेशंट बायकांना वाटायचं की तेही कुणीतरी केलेलं आहे.

माझं नाक बाबांचं होतं. बाबा यज्द शहराचे, आणि त्यांच्याकडच्या सगळ्यांचं नाक मधेच एक उंचवटा घेऊन खाली वळतं, वाटेत काही विसरल्यासारखं. बाबा मी शाळेत असताना गेले. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा मी पास झाले त्या उन्हाळ्यात माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली नाकावर पट्ट्या लावून फिरत होत्या. कुणाला आजीनं बक्षीस दिलं होतं, कुणाला काकांनी. पट्टी लपवायची नसते, ती मिरवायची असते. काही मुली तर गरज संपल्यावरही लावून ठेवायच्या. मी आईला म्हटलं, मलाही करायचंय. कुणी माझ्यावर लादलं नव्हतं, हे मी स्वच्छ सांगते. आईचे सहकारी म्हणाले, आपल्या माणसावर सुरी चालवू नये, दुसऱ्या कुणाकडे दे. आई म्हणाली, कुठल्या गाढवाकडे देऊ ते तुम्हीच सुचवा. ऑपरेशनच्या सकाळी तिनं जांभळ्या पेननं माझ्या नाकावर रेघा काढल्या. वरून खाली येताना उंचवट्यापाशी पेन थांबलं. "हे तुझ्या बाबांचं," ती म्हणाली. मी म्हटलं, "माहितेय." ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग पेन पुढे सरकलं. माझ्या आयुष्यात आईनं एखाद्या गोष्टीबद्दल मला दोनदा विचारलं ती ही एकच वेळ, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं क्लिनिकवर येणाऱ्या मुली माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या, डॉक्टर, मला हे हवं. मी वेटिंग रूममध्ये पुस्तक वाचत बसलेली असायचे. मान वर करायचे, बाजूनं दिसेन अशी वळायचे, पुन्हा वाचायला लागायचे. मला ते आवडायचं. नाक खरंच चांगलं झालं होतं.

ती गाठ पस्तिशीच्या आसपास आली. आधी मसुरीएवढी, सकाळी हात फिरवला तर लागणारी, आरशात न दिसणारी. ती काय आहे हे मला त्याच सकाळी कळलं. याचं कारण गुरुवारच्या संध्याकाळी. माझ्या लहानपणापासून आईचे शिकाऊ डॉक्टर गुरुवारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती जमायचे आणि ती त्यांना पेशंटच्या कथा सांगायची, आणि मी चहाचे पेले फिरवायचे. काय काय ऐकलं मी त्या टेबलावर. कातडी घासून काढली की महिन्याभरानं गालावर मोत्यांसारखे पांढरे दाणे येतात, घाबरायचं नाही, ते बंद झालेल्या रंध्रांमधले मेल्या कातडीचे बिनडोक कण असतात, सुईनं टोचा आणि सोडून द्या. टाक्याबरोबर वरच्या कातडीचा कण आत गेला की तो आत बसून पिशवी विणायला लागतो. आणि नाक. नाकाचं सांगताना ती खुर्चीवरून पुढे वाकायची. "हाड फोडून खाली बसवताना आतल्या अस्तराचा एखादा तुकडा सुटतो आणि कातडीखाली अडकतो. तुम्ही तो काढला नाही तर तो मरेल असं समजू नका. अस्तर गाढवासारखं आज्ञाधारक असतं. त्याला ओलावा करायला शिकवलंय, ते ओलावा करत राहतं. तिथे नाक नाही, हवा नाही, कुणाला त्याची गरज नाही, तरी करत राहतं. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी तुमच्या पेशंटच्या नाकावर गाठ येते. ती गाठ पेशंटची नसते. ती तुमची असते." कुणीतरी विचारलं होतं, मग पेशंटला काय सांगायचं? आई म्हणाली होती, "खरं. आणि परत बोलावून ती काढायची." मी तेव्हा पंचविशीची असेन. तिच्या समोर चहाचा पेला ठेवताना मला तिचा अभिमान वाटला होता.

तर मसुरीएवढी गाठ लागली त्या सकाळी मी आरशासमोर उभी राहिले आणि ते सगळं शब्दशः आठवलं. मी आईकडे गेले. तिनं अंगठा ठेवला. एक क्षण तिचा चेहरा पूर्ण मोकळा झाला, एखादी खोली सामान हलवल्यावर होते तसा. मग ती म्हणाली, "चष्म्यानं होतं असं." मी म्हणाले, "हो का." त्या दिवसापासून आमच्यात हा चष्मा आला. ती तो शब्द उच्चारायची, मी मान हलवायचे, आणि दोघींनाही माहीत असायचं की टेबलावर तिनंच शिकवलेलं वाक्य पेला सांडावा तसं सांडलेलं आहे आणि आपण त्याला हात न लावता जेवतोय. मी फ्रेम आणखी जाड घेतली. फ्रेमचा पूल बरोबर गाठीवर बसायचा.

मी तिच्यावर रागावले होते का? लोकांना वाटतं, असलं काही माणूस वर्षानुवर्षं धरून ठेवतं. मी ठेवलं नाही. मला ती माहीत होती. ती हॉस्पिटलच्या प्लास्टिक सर्जरी विभागात गेली तेव्हा तिथे दुसरी बाई नव्हती. पुरुष डॉक्टर तिच्या ऑपरेशनच्या वेळी काही ना काही निमित्त काढून आत डोकवायचे, हात कसा चालतो ते बघायला. त्यांच्यातल्या एखाद्याच्या हातून नस तुटली की तो म्हणायचा, आज दिवस वाईट होता. तिच्या हातून टाका सैल राहिला की ते म्हणायचे, बाईचा हात. तेव्हा तिनं ठरवून टाकलं असावं की 'चुकलं' हा शब्द आपल्या तोंडून ऐकायला मिळेल या आशेवर कुणाला ठेवायचंच नाही. शिकवताना तो शब्द चालायचा, कारण तिथे तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचा असायचा. एकदा ठरवल्यावर ती तो घरीही काढेना. आमच्या घरात मीठ जास्त पडलं तर तांदूळ वाईट असायचे. मी त्यावर हसत मोठी झाले. कधीकधी मला वाटतं की तिचं ते न चुकणं ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी वस्तू होती, दिवाणखान्यातल्या गालिच्याहून मोठी, आणि आम्ही तिच्यावरून चपला काढून चालायचो. शनिवारी उपाशीपोटी ये, असं ती म्हणाली तेव्हा मला कळलं की ती स्वतः गाठ काढणार आहे, रस्तगारांना जवळ उभं राहू न देता. तोंडानं काही बोलणार नाही. सुरीनं बोलेल. मला ते पुरलं असतं.

आईचा सातवा दिवस झाल्यानंतर एका दुपारी डॉक्टर रस्तगार आले. हातात खजुराचा डबा. आता क्लिनिक तेच बघणार होते, दारावर आईचं नाव तसंच राहणार होतं. ते तिचे सगळ्यात जुने विद्यार्थी, टेबलाच्या त्या कोपऱ्यात बसायचे आणि सगळ्यांच्या आधी चहा संपवायचे. त्या दिवशी त्यांनी चहाला हात लावला नाही.

"फरानक खानुम, चाळिसाव्या दिवसाच्या आधी एकदा येऊन जा. छोटं काम आहे. टाका आतून घेईन, दिसणारसुद्धा नाही."

"तुम्हाला माहीत होतं तर."

"मला शहरातल्या निम्म्या नाकांचं माहीत असतं. रस्त्यानं चालणं मुश्कील झालंय." ते हसायला गेले, जमलं नाही. "चाळिसाव्याला सगळे येणार. विद्यापीठातले, हॉस्पिटलातले. ते म्हातारे येतील, ज्यांनी बाईंना आयुष्यभर... ते तुमच्या तोंडाकडे बघतील. डॉक्टरबाईंच्या मुलीच्या नाकावर ही गाठ. बाई असत्या तर बाईंनी त्यांना उत्तर दिलं असतं. आता बाई नाहीत."

"चष्मा आहे की."

मला त्यांची दया आली. हा माणूस खरोखर रडून आला होता, पापण्या सुजलेल्या होत्या, आणि त्याला वाटत होतं की गुरूसाठी करता येण्याजोगं एवढंच काम उरलंय. मी विचारलं, "अशा आणखी कुणी आहेत?"

"बाईंनी केलेल्या नाकांचा विचार करा, खानुम. उभं आयुष्य. त्यात एखाददुसरीला असं होणारच. जगात कुठेही होतं, कुणाच्याही हातून होतं."

"मी ते विचारत नाहीये. त्यांना तुम्ही काय सांगता?"

त्यांनी खजुराचा डबा सरळ केला. "बाई जे सांगायच्या तेच."

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात तशीच बसून राहिले. खिडकीबाहेर चिनाराची पानं गटारीच्या पाण्यावरून वाहत होती. बाई जे सांगायच्या ते. टेबलावर एक सांगायच्या, डॉक्टर रस्तगार, आणि तपासणीच्या खुर्चीपाशी दुसरं. माझ्यापुरता हा चष्म्याचा खेळ मला मान्य होता. तो आम्हा दोघींचा होता, त्यात प्रेम होतं, थोडा विनोदही होता. मला कधी सुचलं नव्हतं की दुसऱ्या कुणाच्या तोंडावर तो विनोद राहत नसेल. बोट आपोआप गाठीवर गेलं. आत ते आज्ञाधारक अस्तर ओलावा करत होतं. अस्तर माझंच, पण ते होतं तिथे तिनं ठेवलेलं. मेलेल्या माणसाचे कपडे लोक काही दिवस कपाटात ठेवतात, तशी मी ती गाठ ठेवली होती, एवढंच. काढणार होते. पण रस्तगार सांगतात त्या कारणासाठी, त्या म्हाताऱ्यांना दिसू नये म्हणून काढायची, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि काढली नाही तर? तर आईनं आयुष्यभर अंगाबाहेर ठेवलेला तो एक शब्द माझ्या तोंडावर लिहिलेला राहणार, आणि ते म्हातारे तो वाचणार. यांतलं काय तिच्या बाजूनं आहे हे मला दिवसचे दिवस ठरवता येईना. मी भाषांतरं तपासत होते, हलव्यासाठी केशर कुटत होते, आणि तिच्या नावाची काळजी माझ्या नाकाच्या मुळाशी जड बसलेली होती.

चाळिसाव्याचं सकाळचं सगळं नीट पार पडलं. म्हातारे आले, मी चष्मा लावून उभी राहिले, त्यांनी आईबद्दल चांगलं बोलून घेतलं. एकानं तर सांगितलं की तिच्या हातासारखा हात त्यानं पाहिला नाही, आणि ते खरं होतं. दुपारी पुरुष निघून गेले आणि घर बायकांचं झालं. मग अशरफमावशीनं पदराखालून काढावं तसं बॅगेतून गुलबाशी रंगाचं कापड काढलं आणि माझ्या काळ्या कपड्यांवर खांद्यावरून टाकलं. आमच्याकडे घरातलं वडील माणूस असंच सुतकातून बाहेर काढतं. चाळीस दिवस घरातली बाई भुवयांना, ओठांवरच्या लवीला हात लावत नाही. आज ते सगळं उतरवायचं. मावशीनं भुवया कोरणाऱ्या मनीजेबाईला बोलावलंच होतं, दोरा घेऊन. मनीजेबाई बोलायला लागली की थांबत नाही, आणि बोलताना दोऱ्याचं एक टोक दातात धरलेलं असतं.

"बस गं पोरी. अरे देवा, मिशा बघ हिच्या. डॉक्टरीणबाई असत्या तर मलाच झोडलं असतं."

"तिला तुझा दोरा मागासलेला वाटायचा, मनीजेबाई," मी म्हणाले.

"वाटायचा ना. आणि दर महिन्याला गुपचूप बोलवायच्या. चष्मा काढ."

सगळ्या हसल्या. खोलीत दहाबारा बायका असतील, शेजारच्या, मावशीच्या सुना, क्लिनिकवरच्या जुन्या पेशंट. मी चष्मा काढला. हे घडणार आहे हे मला माहीत असायला हवं होतं, पण इतके दिवस मी म्हाताऱ्यांचा विचार करत होते, दोऱ्याचा केला नव्हता. खोली धूसर झाली. मनीजेबाईचा दोरा कपाळावरून सरसरत खाली आला, भुवयांच्या मधे, आणि थांबला. न बोललेली मनीजेबाई म्हणजे खोलीतला दिवा गेल्यासारखं. हलव्याच्या बशांचा आवाजही बंद झाला.

"ते चष्म्याचं आहे," अशरफमावशी लगेच म्हणाली. "दिवसभर डोळे फोडते ना. आपा तिला किती सांगायची."

"मलाही आहे," असं कुणीतरी दाराजवळून म्हणालं.

ती जवळ आल्यावर मला दिसली. पंचविशीतली, क्लिनिकवर कधी पाहिली असेन. परस्तू तिचं नाव, तिनं सांगितलं. डॉक्टरांनी तिचं नाक केलं होतं, ती विद्यापीठात जायच्या उन्हाळ्यात. ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली, गालिच्यावर, आणि तिनं आपलं नाक उजेडाकडे वळवलं. सुरेख नाक. आईचंच, मी कुठेही ओळखलं असतं. मधल्या दांड्याच्या डाव्या बाजूला, मेकअपच्या जाड थराखाली, तांबूस गाठ होती, आणि तिच्याभोवतीची कातडी घासून घासून सोललेली.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"लिंबू लावते. आणि तो खरखरीत साबण. अक्रोड सोडले, चॉकलेट सोडलं, तरी जात नाही." ती हलक्या आवाजात, घाईनं बोलत होती. "दुसरे डॉक्टर हात लावत नाहीत, म्हणतात ज्यांनी केलं त्यांच्याकडे जा. तुमचं पाहिलं आणि मला बरं वाटलं, राग मानू नका. मला वाटायचं मी एकटीच. पण तुमचं चष्म्यानं झालं. माझं तर माझ्याच चुकीनं. मावसबहिणीच्या लग्नासाठी मी पट्टी लवकर काढली. डॉक्टरांनी बजावलं होतं, काढू नकोस. मग दाखवायला गेले तेव्हा म्हणाल्या, बघ, पट्टी काढलीस ना. ओरडल्यासुद्धा नाहीत. इतक्या चांगल्या होत्या. आता माझं लग्न ठरलंय आणि त्याची आई म्हणते..." ती थांबली. "डॉक्टरांची सुंदर वस्तू मी खराब केली असं मला सारखं वाटतं. ते त्यांना सांगायचं राहिलं. म्हणून आले."

"असू दे गं," मावशी म्हणाली. "आपानं कधीच माफ केलं असणार. तिच्या हाताला दोष नव्हता, पण मुली ऐकत नाहीत, त्याला ती काय करणार." आणि माझ्या गुडघ्यावर तिनं हात ठेवला. तो हात मला सांगत होता की आज नाही, इथे नाही, या बायका इथून सरळ आपापल्या घरी जाऊन फोन उचलतील. मावशीलाही माहीत होतं. कदाचित सगळ्यांनाच माहीत असतं आणि सगळे पट्टी, चष्मा, अक्रोड असे शब्द हातात धरून बसतात.

परस्तूनं मान खाली घातली होती. तिच्या नाकावरच्या त्या सोललेल्या कातडीकडे मी बघत होते. चष्मा नव्हता तरी इतक्या जवळून सगळं स्पष्ट दिसत होतं. मला दिसलं, आई तपासणीच्या खुर्चीपाशी उभी आहे, अंगठा या मुलीच्या नाकावर आहे, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सामान हलल्यासारखं झालंय. ती काय म्हणणार ते मला माहीत आहे. तिला थांबवावं असं वाटलं, आणि लगेच कळलं की थांबवायचं ते आता मलाच. भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. तिचं नाव मला एकदम फार मजबूत वाटलं, इतकी वर्षं इतक्या लोकांनी ढकलून न पडलेलं, आणि माझ्या हातून तर ते पडणारच नव्हतं. तिनं टेबलावर शिकवलेलं वाक्य तिच्याकडून राहून गेलं होतं. मला ते पाठ होतं.

मी परस्तूची हनुवटी वर केली. बोलले तेव्हा आवाज खोलीच्या त्या टोकापर्यंत गेला, कारण मी तो मुद्दाम तेवढा काढला.

"पट्टीनं असं काही होत नाही. चष्म्यानंही होत नाही. ऑपरेशनच्या वेळी नाकातल्या अस्तराचा तुकडा आत राहून गेला, तुझ्याही आणि माझ्याही. तो तिथे वाढला. तू काहीही केलेलं नाहीस. उद्या आपण दोघी रस्तगारांकडे जाऊ, तू आधी काढून घे, मी तुझ्यानंतर. आणि तो साबण आजच फेकून दे." मावशीचा हात गुडघ्यावर आवळला गेला. मी त्यावर माझा हात ठेवला आणि राहिलेलं बोलले. "तिला माहीत होतं. माझ्या आईच्या हातून चुकलं."